वांग्याच्या वाफ्यातली लेना

मी आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेलेली नाही. नागपूरलाही दोनदाच गेले, त्यातलं एकदा दवाखान्यासाठी. पण रशियात, पार उत्तरेला, सैबेरियात लेना नावाची एक नदी आहे, तिच्याबद्दल मला काहीही विचारा. ती कुठल्या डोंगरात निघते, कुठल्या गावाजवळ तिच्या काठाने दगडाचे उंच खांब उभे आहेत, समुद्राला मिळताना तिला किती फाटे फुटतात, सगळं सांगेन. आमच्या गावातल्या दहा-बारा बायकाही सांगतील आणि त्यातल्या निम्म्या अजून अंगठा लावतात. ही काही मी बढाई मारत नाही. बढाई मारायची ती पुढे मारणारच आहे.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून. गावाला वळसा घालून नाला जातो, तो अंधारी नदीला मिळतो आणि अंधारी वैनगंगेला. गावच्या अंगणवाडीत मी अकरा वर्षं मदतनीस होते. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, झाडझूड करायची. पोरं मला खिचडीबाई म्हणायची. शिकवायच्या, वजनं घ्यायच्या आणि रजिस्टर भरायच्या त्या सेविकाबाई. त्या येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. गावची मदतनीस बारावी पास असेल तर त्या जागेवर पहिला हक्क तिचा, असं आम्हाला सांगितलं होतं. नसेल तर बाहेरून कोणी येणार.

मी दहावी पास होते. बारावीचं हॉलतिकीट माझ्या माहेरी आलं तेव्हा मी सासरी शेतातली लाखोरीची डाळ उपटत होते. ते हॉलतिकीट आईने कितीतरी वर्षं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं, कशासाठी ते तिलाच ठाऊक.

तर हिशेब सोपा होता. बारावी झाले तर ती खुर्ची माझी. नाही तर कुठूनतरी एखादी तरणी पोरगी येणार, माझ्या गावच्या पोरांची नावं मलाच विचारणार आणि मी म्हातारी होईस्तोवर तिच्या हाताखाली खिचडी ढवळत राहणार. मला खिचडीचा राग नाही. पण त्या पोरांना बोलायला, मोजायला मीच शिकवत होते, सेविकाबाई मीटिंगला गेल्या की आख्खा दिवस मीच चालवत होते आणि सहीच्या रकान्यात माझी जागा नेहमी खालची. याचा मला मनापासून राग होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

जवळच्या मूल शहरातल्या एका कॉलेजातून बाहेरून बारावीचा फॉर्म भरला. भूगोलाला लेखी पेपर, शिवाय एक प्रकल्प आणि त्यावर तोंडी परीक्षा. प्रकल्प होता जगातल्या एका नदीवर. नद्या वाटून घ्यायला सरांनी ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी आमच्या बांदीत धानाच्या लावणीचा रोवणा होता. बांदी म्हणजे कडेने मातीचे धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. रोवण्याच्या दिवशी ज्या घरची सून बांदीत नसते, त्या घराबद्दल वर्षभर बोललं जातं. मी दुपारपर्यंत चिखलात वाकून होते आणि मग पाय कसेबसे धुऊन एसटीने मूलला गेले. तोवर वर्ग सुटायला आला होता.

भूगोलाचे सर माझ्यापेक्षा वयाने लहान. चष्म्यावरून बघत म्हणाले, "काकू, तुम्ही उशिरा आलात. चांगल्या नद्या संपल्या."

नद्या संपतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"गोदावरी गेली, गंगा गेली, नाईल गेली. ॲमेझॉनवरून तर भांडणं झाली. आता फक्त लेना शिल्लक आहे."

"चालेल ना जी," मी म्हटलं. न चालून सांगते कोणाला?

घरी आले तर सासू चुलीपुढे पाय शेकत बसलेली. माझी सासू म्हणजे मूठभर बाई, पण गावात पाण्याच्या वाटपावरून वाद झाला की माणसं तिला बोलावून नेतात. शाळेत एक दिवसही गेलेली नाही. माझी ही परीक्षा म्हणजे तिच्या मते चाळिशीच्या बाईला सुचलेलं बह्याडपण होतं.

"मंग? कोनती नदी भेटली तुले?"

"लेना."

"कुठी आहे थे?"

"रशियात."

"आपली एवढी मोठी वैनगंगा सोडून थ्या मास्तराले रशियाच सापडला काय?"

"मी उशिरा गेली ना. बाकीच्या पोट्ट्याइनं नेल्या. तेच उरली होती."

सासूने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्हंजे रोवणा माहा होता म्हणून तुले उरलीसुरली नदी भेटली." तिने ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. तिथून पुढे ती माझ्या परीक्षेला नावं ठेवायची, पण नदीला नाही.

मी पुस्तकातलं वाचून नकाशा काढला. अंगणवाडीतल्या जुन्या तक्त्याची कोरी बाजू, पोरांचे तेलखडू. वर डोंगर काढले, तपकिरी. तिथून नदी निळी, वळणं घेत खाली. खाली समुद्र. मन लावून काढला होता मी तो. सासूने तो कुडाला टेकवून बघितला आणि म्हणाली, "हं. चांगली उतरली." आम्हा दोघींनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. वाटणार कसं? आमची अंधारी खाली वैनगंगेकडे जाते. वैनगंगा खाली सिरोंच्याकडे जाते. वर्धा तिकडेच, प्राणहिता तिकडेच. इथे जन्मलेल्या माणसाला नदी म्हटली की ती दक्षिणेला जाणार हे सांगावं लागत नाही. मी समुद्राचं नाव आर्क्टिक असं पुस्तकात बघून नीट लिहिलं आणि वरच्या कोपऱ्यात, शिस्तीत, उत्तर दाखवणारा बाणही काढला. म्हणजे माझ्या नकाशाप्रमाणे उत्तर ध्रुव चीनमध्ये कुठेतरी होता.

नकाशाखाली पुराबद्दल लिहायचं होतं. तेही मी एका ओळीत उरकलं: जोराच्या पावसामुळे लेना नदीस पूर येतो.

दिवाळीनंतर सरांनी प्रकल्प तपासायला मागवले. माझा नकाशा उलगडला आणि आधी नुसते बघत राहिले, मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी तो वर धरून आख्ख्या वर्गाला दाखवला.

"काकू, तुमची लेना तर सिरोंच्याला निघाली!"

वर्गातली पोरं माझ्या मुलाच्या वयाची. खूप हसली. मीही हसले, कारण दुसरं काय करणार, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. सर तसे वाईट नव्हते. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ही नदी दक्षिणेत उगम पावते आणि उत्तरेला जाते. सगळं तिथूनच सुरू होतं. आणि तो पूर पावसाचा नाही. तिथे पूर येतो तो वसंतात, ऊन पडायला लागलं की. तोंडी परीक्षेला बाहेरून बाई येतात. त्या खमक्या आहेत. लेना म्हटलं की त्या हाच प्रश्न विचारणार, पाऊस नसताना पूर का. ते सांगता आलं नाही तर हे गुण गेले समजा. आणि खरं सांगू का, लेखीत तुमचा भरवसा मला नाही."

"मलेही नाई जी," मी म्हटलं.

एसटीत खिडकीशी बसून मी घरापर्यंत सरांना, पोरांना, त्या नदीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घातल्या. बाजूच्या बाईने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

मग मी पाठांतराला लागले. पुस्तकात वाक्य होतं, की नदीच्या वरच्या टप्प्यातील बर्फ आधी वितळते, परंतु मुखाकडील भाग गोठलेला राहिल्याने प्रवाहास अवरोध होऊन पूर येतो. खिचडी ढवळताना म्हणायचे, अंगण झाडताना म्हणायचे. एकदा 'अवरोध'पर्यंत आले आणि खिचडी बुडाला लागली. पोरांनी ती करपलेली खिचडी खाल्ली, बिचारी काही बोलली नाहीत. वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यातून साफ गेलेलं असायचं. तोंडात बसत होतं, समजत नव्हतं. मी आयुष्यात बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

डिसेंबरातली सकाळ होती. मी भांडी घासत वाक्य म्हणत होते आणि सासू ओट्यावर बसून ऐकत होती. ऐकून ऐकून तिचं डोकं उठलं असणार.

"थांब व जरा. कायची कटकट करून राह्यली रोज रोज? मले सांग, थे नदी गोठते म्हणतं ना तू?"

"हो."

"मंग पहिले कोनतं टोक मोकळं होते?"

"वरचं. जिथून निघते थे. तिकडे गरमी पहिले येते."

"अन समुद्राकडचं?"

"थे लय थंड आहे. थे बंदच राह्यते."

सासूने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "वरून पाणी सुटलं अन खालून दार बंद. मंग थे पाणी जाते कुठी?"

पुस्तकात 'अवरोध' लिहिलं होतं, पाणी कुठे जातं ते लिहिलं नव्हतं.

"चाल," सासू उठली. "पुस्तक राहू दे. वाडीत चाल."

घरामागे आमची वाडी आहे. वरच्या अंगाला विहीर, तिथून पाट निघतो आणि लसणाच्या, मेथीच्या वाफ्यांतून उतरत शेजारणीच्या कुंपणापर्यंत जातो. कुंपणापलीकडे तिची वांगी. तिच्या त्या वांग्यांवर तिचा फार जीव. सासूने पाटाच्या खालच्या टोकाला मातीची ढेकळं रचली, फटीत धानाचं तणस कोंबलं आणि टाचेने दाबून पक्कं केलं.

"हा तुहा बरफ," ती म्हणाली. "आता मोटर चालू कर."

मी मोटर चालू केली. पाणी नेहमीसारखं पाटातून सळसळत खाली गेलं, ढेकळांना धडकलं आणि थांबलं. मग तिथे साचायला लागलं. मग फुगलं. आणि मग ते मागे यायला लागलं, वाफ्यामागून वाफा, खालून वर. वरून मोटरीचं नवं पाणी येतच होतं. लसूण बुडाला, मेथी बुडाली. आकाशात ढग नावालाही नव्हता. मी तोंडाचा आ करून बघत उभी होते, मोटर बंद करायचंही सुचलं नाही. तेवढ्यात पाटाची कड एका जागी खचली आणि सगळं पाणी एकदम कुंपणाखालून शेजारणीच्या वांग्यांत शिरलं.

"फुटला!" सासू ओरडली. टाळ्याच वाजवल्या तिने. "पाह्यलं? फुटला बरफ!"

शेजारीण हातात खराटा घेऊन धावत आली. "काय व बाई, माह्या वांग्याइत पाणी कायले सोडलं? कालच खत टाकलं ना मी!"

"आमी नाई सोडलं," सासू गंभीर चेहरा करून म्हणाली. "नदीनं सोडलं."

शेजारणीला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मग मी तिला सगळं सांगितलं. रशिया, बर्फ, उत्तरेकडचं बंद तोंड, परीक्षा. ती खराट्यावर रेलून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने जे म्हटलं, ते मी अजून विसरले नाही.

"मंग असं सांग ना. आपल्या नाल्यासारखंच आहे थे. वैनगंगा फुगली का आपला नाला नाई का माघारी येत? इथी थेंब नसते पावसाचा, अन पाणी मारुतीच्या पारापर्यंत चढते. वैनगंगा त्याले आत घेत नाई म्हणून."

मी तिथेच ओल्या धुऱ्यावर बसले. माझं लुगडं चिखलाने भरलं तरी उठवेना. जन्मापासून बघत आले होते मी हे, माझं माहेरही याच नाल्याकाठी. दर पावसाळ्यात दोन-तीनदा वरच्या मुलखातलं पाणी वैनगंगेतून येतं, आमच्या इकडे लख्ख ऊन असतं, आणि नाला उलटा चढत गावात येतो. पूल बुडतो, एसटी येत नाही, अंगणवाडीचा पोषण आहार पलीकडच्या तीरावर पडून राहतो. लहानपणी मी त्या उलट्या पाण्यात पानांच्या होड्या सोडल्या होत्या, त्या वर जायच्या. आणि मी मास्तरांना काय लिहून दिलं होतं? जोराच्या पावसामुळे! मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला मिठी मारली. तिने खराटा बाजूला केला आणि म्हणाली, "थे सगळं ठीक आहे, पन वांगे सुधरून दे."

दुपारभर मी आणि सासू तिच्या वांग्यांची माती ओढत होतो.

त्यानंतर लेना आमच्या गल्लीतच राहायला आली म्हणा. मोबाईलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते. तिथे बसून आम्ही बर्फ फुटण्याचे व्हिडिओ बघितले, मी, सासू, शेजारीण, हळूहळू आणखी बायका. घराएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते. सासू प्रत्येक वेळी "आता पाहा, आता पाहा" म्हणायची, जणू तिनेच मोटर चालू केली होती. तिकडच्या जमिनीखालीही कायमचा बर्फ असतो म्हणून घरं खांबांवर उभी करतात, हे एकीला अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, खोटं असेल. एका मोठ्या शहराजवळ त्या नदीवर पूलच नाही, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. उन्हाळ्यात नावेने जायचं, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून सरळ ट्रक न्यायचे, आणि मधले जे आठवडे ना धड बर्फ ना धड पाणी, तेव्हा इकडचा माणूस इकडे, तिकडचा तिकडे.

"तवा बाळंतीण अडली तर का करत असन व थे?" शेजारणीने विचारलं. पुस्तकात असला प्रश्न नव्हता. असे दिवस आमच्या नाल्याने आम्हालाही दाखवले होते.

मी नवा नकाशा काढला. या वेळी समुद्र वर, डोंगर खाली. सासूला ते बघवेना, "नदी वरते कशी चढन?" म्हणून ती हटूनच बसली. मी तो कागद अंगणात नेऊन आडवा ठेवला, उत्तरेकडची बाजू खरोखर उत्तरेला करून. डोंगराखाली एक ढेकूळ ठेवलं, ते उंच झालं. "आता पाहा. उतार कोनीकडे आहे?" तिने वाकून बघितलं, कागदाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "हं. मंग बराबर आहे." पण जुना नकाशा तिने टाकू दिला नाही. घडी करून तांदळाच्या कोठीमागे ठेवला.

आणि घरात एक नवीन बोलणं सुरू झालं. मी मूलहून आले की सासू विचारायची, "फुटला का बरफ?" म्हणजे काम झालं का. नवरा बल्लारपूरला कामाला, शनिवारी घरी यायचा. दोन आठवड्यांत तोही फोनवर हॅलोच्या आधी हेच विचारायला लागला.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. मी लग्नातली हिरवी साडी नेसून गेले. दारातच शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर बसा." मी हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

आत टेबलामागे त्या बाहेरच्या बाई, बाजूला आमचे सर. बाई खरोखरच खमक्या होत्या, माझ्या आधीचा गोदावरीवाला पोरगा डोळे पुसत बाहेर आला होता. त्यांनी माझा नकाशा बघितला, वही चाळली आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"पाऊस नसताना लेनेला पूर का येतो?"

मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "नदीच्या वरच्या टप्प्यातील बर्फ आधी वितळते, परंतु मुखाकडील भाग..." आणि पुढचं गेलं. पूर्ण गेलं. बाई वाट बघत होत्या. सरांनी नजर खाली घातली. अकरा वर्षांची खिचडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, खोटं कशाला सांगू. आणि मग मला माझाच राग आला. जे वाक्य माझं नव्हतं, त्यासाठी मी माझी खुर्ची घालवत होते.

"बाई," मी म्हटलं, "पुस्तकातलं राहू द्या. मी माह्या भाषेत सांगू का?"

"सांगा."

"आमच्या गावाले एक नाला आहे. थो अंधारीत जाते, अंधारी वैनगंगेत. वैनगंगा भरून आली का थे कोनालेच आत घेत नाई. मंग आमचा नाला माघारी येते, गावात ऊन असलं तरी. लेनेचं तसंच आहे. थे दक्षिणेतून निघते, तिकडे ऊन पहिले पडते, बरफ पहिले फुटते, पाणी सुटते. पन थिचं तोंड आहे उत्तरेकडे. तिकडे अजून थंडी आहे, दार बंद आहे. वरून पाणी येऊन राह्यलं, खालून वाट नाई. मंग थे मागं चढते, बाजूनं फुटते, गावात शिरते. नदी जर दक्षिणेले जात असती, तर खालचं दार पहिले उघडलं असतं अन हे झालंच नसतं. म्हणून नदीची दिशा पहिले समजली पाहिजे. माही पहिले चुकली होती."

शेवटचं वाक्य का बोलले कोण जाणे. निघून गेलं तोंडातून.

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "मग तिथली माणसं नदी पार कशी करतात?"

मी उन्हाळ्यातली नाव सांगितली, बर्फावरचे ट्रक सांगितले, मधले आठवडे सांगितले. त्या मधल्या आठवड्यांत बाळंतीण अडली तर काय करत असतील, हे पुस्तकात दिलेलं नाही, तेही सांगून टाकलं. बाई विचारत गेल्या, मी सांगत गेले. गोदावरीवाल्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ झाला असेल. शेवटी त्या मागे रेलून हसल्या.

"तुम्ही असं सांगताय, जशी नदी पाहून आला आहात."

"पाह्यली ना जी," मी म्हटलं. "शेजारणीच्या वांग्याइत."

मग वांग्यांची गोष्टही सांगावी लागली. सर खो खो हसत होते. दिवाळीनंतरही ते असेच हसले होते, पण या वेळी मला ते हसणं गोड लागलं. मी बाहेर पडताना ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "काकू, मला इतकी वर्षं ते नाल्याचं उदाहरण सुचलं नाही. पुढच्या वर्षी मी तेच सांगणार." मी म्हटलं, सांगा, पण गावाचं नाव घेऊन सांगा.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. भूगोलाच्या लेखीत मी काठावर होते, सरांचं म्हणणं खरं ठरलं. मला पलीकडे नेलं ते लेनेने. तरी नेमणुकीचं काही कळेना. सेविकाबाई निवृत्त झाल्या, त्यांना साडी-नारळ देऊन झाला, अंगणवाडीची किल्ली माझ्याकडे आली, पण कागद येईना. उन्हाळा गेला. सासू रोज विचारायची आणि मी रोज नकाराची मान हलवायचे.

ऑगस्टात तालुक्याहून निरोप आला, कागद घेऊन जा. त्या दिवशी नेमका आमचा रोवणा. मी सासूकडे बघितलं. तिने रोवायच्या पऱ्ह्यांची जुडी उचलली आणि म्हणाली, "जा. यंदा उशीर नोको करू."

कागदावर माझं नाव होतं आणि नावापुढे अंगणवाडी सेविका. मी तो तिथे उभ्यानेच तीनदा वाचला, एसटीत दोनदा. गावच्या फाट्यावर उतरले आणि घरी न जाता तशीच धुऱ्याधुऱ्याने शेताकडे निघाले, पायातल्या चपला हातात. आमच्या बांदीत बायकांची ओळ वाकलेली होती, पंधरा-वीस जणी, मधोमध सासू, तिच्या बाजूला शेजारीण. कोणाचंच लक्ष नव्हतं. मी धुऱ्यावर उभी राहिले, कागद वर धरला आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले.

"फुटला वं बरफ!"

आख्खी ओळ सरळ झाली. चिखलाचे हात वर गेले, शेजारणीने तर हातातली जुडीच आभाळात उडवली. दोघी-तिघींनी "फुटला! फुटला!" असा जो गिल्ला केला, त्याने पलीकडच्या बांदीतली माणसं काय झालं म्हणून धुऱ्यावर चढून बघायला लागली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

सासू मात्र वाकलेलीच. हातातली पेंढी रोवून संपवली, मग कंबरेवर हात ठेवून उठली. चिखल तुडवत माझ्यापर्यंत आली, कागदाकडे बघितलं. वाचता येत नाही तिला. दोन्ही हात लुगड्याला नीट पुसले, मग एक बोट माझ्या नावावर टेकवलं. ते नावावरच होतं, कसं कळलं कोण जाणे.

"हे तू?"

"हो. मीच."

"वरच्या रकान्यात?"

"वरच्या."

तिने मान हलवली, दोनदा. मग माझ्या हिरव्या साडीकडे, हातातल्या चपलांकडे आणि अर्ध्या राहिलेल्या बांदीकडे बघितलं.

"मंग उभी काऊन आहेस, सेविकाबाई? उतर."

मी कागद पिशवीत घालून झाडाला टांगला, साडीचा काचा मारला आणि चिखलात उतरले.